ऐकण्याचा अधिकार : मराठी ख्रिस्ती वाङ्मय आणि दाराशी उभा माणूस

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती वाङ्मयाला एक प्रकरण दिले जाते. त्यात १८५७ चे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ येते, पंडिता रमाबाई येतात, रेव्हरंड नारायण वामन टिळक येतात आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पाशी प्रकरण संपते. समीक्षक लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे, त्यांच्या घरगुती भाषेचे, टिळकांच्या विक्षिप्तपणाचे कौतुक करतात. हे कौतुक रास्तच आहे. पण हिंगणघाटसारख्या गावी पदवीच्या वर्गाला हे पुस्तक शिकवताना मला दरवेळी एक गोष्ट जाणवते. ज्या प्रश्नासाठी ही माणसे घरादारातून उठली, तो प्रश्न आमच्या समीक्षेने कधी हाती घेतलाच नाही. माणसाला देवाचा शब्द ऐकू येतो म्हणजे काय होते? तो ऐकायला कोण शिकवतो? आणि ऐकून जो नवा माणूस दाराशी येतो, त्याला आत कसे घेतले जाते? हे प्रश्न चर्चचे आहेत, वाङ्मयाचे नव्हेत, असे म्हणून समीक्षक मोकळे होतात. दलित वाचकाला तसे मोकळे होता येत नाही, कारण धर्मांतर ही त्याच्या घरात घडलेली गोष्ट आहे. माझे आजोबा १९५६ साली वर्ध्याहून रेल्वेने नागपूरला गेले ते बौद्ध होऊन परतले. त्यामुळे धर्मांतराची कथा वाचताना मी पाहुणा म्हणून वाचत नाही.

या वाङ्मयाकडे पाहण्यासाठी लागणारा निकष त्याच परंपरेत सापडतो. बायबलच्या जुन्या करारात शमुवेलाची गोष्ट आहे. एली हा म्हातारा याजक. शमुवेल हा मंदिरात सेवेला ठेवलेला पोर. रात्री पोराला हाक ऐकू येते. एलीनेच बोलावले असेल असे समजून ते धावत त्याच्याकडे जाते. असे तीनदा होते. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की ही हाक देवाची आहे, आणि तो पोराला सांगतो की पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचे. प्रवचनांत गोष्ट बहुधा इथेच थांबते. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. देव पोराला जे सांगतो ते एलीच्याच घराविरुद्ध असते. एलीचे मुलगे याजक असून लोकांनी आणलेल्या अर्पणावर हात मारीत होते. त्या घराचा नाश होणार आहे, हा तो निरोप. सकाळी पोर भिऊन गप्प राहते. एली त्याला निक्षून सांगतो की काही लपवू नकोस. सगळे ऐकून घेतो आणि मान्य करतो.

एलीचा मोठेपणा दोन गोष्टींत आहे. या क्षुल्लक पोराला देव हाक मारू शकतो, हे त्याने मानले. आणि पोराने जे ऐकले ते आपल्याविरुद्ध असूनही ऐकून घेतले. नवागताचे खरे स्वागत ते हेच. नव्या माणसाला आत घेऊन बाकावर बसवणे सोपे असते. त्याने आत येताना जे ऐकून आणले आहे, ते जुन्यांनी ऐकणे कठीण असते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला, आणि त्या वाङ्मयावरील समीक्षेलाही, मी हा एलीचा निकष लावू इच्छितो.

पहिली साक्ष मुक्ता साळवेची. पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मांग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात दोन अंकांत छापला गेला. दलित स्त्रीच्या पहिल्या लेखनापैकी एक म्हणून आपण त्याचा उल्लेख नेहमी करतो. पण त्याचे धार्मिक रूप आपण नीट वाचलेले नाही. मुक्ता म्हणते की वेद ब्राह्मणांनी आपलेच म्हणून ठेवले, तेव्हा आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. मग आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती शास्त्र्यांना विचारीत नाही, मिशनऱ्यांनाही विचारीत नाही. ती थेट देवाला विचारते. वाड्यांच्या पायांत शेंदूर-तेल पाजून पुरलेली माणसे आणि छपराविना बाळंत होणाऱ्या बाया तिच्या डोळ्यांसमोर आहेत, आणि तेवढे सगळे सांगून ती देवाकडे उत्तर मागते.

देवाचा शब्द ऐकायला शिकण्याची ही एक निराळीच रीत आहे. धर्मोपदेशक म्हणतो, आधी शांत बस, मग ऐकू येईल. मुक्ता म्हणते, आधी माझे ऐक, मग मी तुझे ऐकेन. शमुवेलाला हाक आली होती. इथे पोरच हाक मारते आहे. ‘ज्ञानोदय’ने हा निबंध छापला हे त्या पत्राचे श्रेय आहे आणि ते दिले पाहिजे. पण छापणे म्हणजे एली होणे नव्हे. १८३१ पासून अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जिल्ह्यातून ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार-मांगांचा होता. मुक्ताने विचारलेला प्रश्न घेऊन हजारो माणसे मिशनच्या दाराशी आली. त्यांनी काय ऐकले, कसे ऐकले, याची नोंद आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात कुठे आहे? मिशनच्या अहवालांत ती आकड्यांच्या रूपाने आहेत. त्यांचा आवाज मात्र त्या इतिहासात आलेला नाही.

इथे एका मराठी शब्दाचा विचार केला पाहिजे. तो शब्द ‘बाटणे’. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की लोक म्हणत, बाटला. त्यात राग असे, पण हळहळही असे, कारण बाटायला आधी सोवळे असावे लागते. महार ख्रिस्ती झाला तर तो बाटणार कसा? तो जन्मतःच बाटलेला ठरलेला. मग त्याच्यासाठी दुसरा शब्दप्रयोग निघाला : पोटासाठी गेला. एकाच धर्मांतराचे असे दोन अर्थ आपल्या भाषेने करून ठेवले. टिळकांनी धर्म बदलला तो आत्म्याच्या तळमळीने, आणि दुष्काळात महारवाडा ख्रिस्ती झाला तो ज्वारीसाठी! भुकेल्या माणसाला आत्मा नसतो, किंवा भूक असताना देव बोलत नाही, असे गृहीत धरल्याशिवाय ही विभागणी करता येत नाही. आणि मराठी समीक्षेने हे गृहीत धरलेले आहे.

आता ‘स्मृतिचित्रे’कडे येऊ. टिळकांच्या धर्मांतराची कथा सर्वश्रुत आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही एका बुद्धिमान, संवेदनशील पुरुषाच्या श्रवणाची कथा आहे. पुस्तक हाती आले, मन पेटले, निर्णय झाला. लक्ष्मीबाईंचे तसे नाही. त्या ऐकायला फार हळूहळू शिकल्या. सोवळ्याने पछाडलेल्या बापाच्या घरात त्या वाढल्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्याच्याकडे परतल्या तेव्हाही चूल वेगळी आणि पाणी वेगळे. टिळकांनी त्यांना शब्दांनी जिंकले नाही. पुढे एकदा त्या स्वतःशीच विचार करीत बसतात की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या देहांत, जन्मात, मरणात त्याने भेद ठेवला असता. तसा भेद दिसत नाही, म्हणजे जात हे माणसाचे काम. इतके पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा.

हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. आधी जात गेली, मग ख्रिस्त आला. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत देवाचा शब्द ऐकणे हे प्रार्थनेच्या खोलीत घडलेले नाही, ते पाण्याच्या घागरीपाशी घडलेले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्रीची गोष्ट आहे, तिथेही हेच आहे. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला भांडे लावू देत नसत. येशू विहिरीवर बसून त्या बाईकडे पाणी मागतो. तिला चकित करते ती ही मागणी. उपदेश त्यानंतर सुरू होतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती ज्यांना कळली त्यांना ही विहिरीवरची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण आमच्या समीक्षकांनी ‘स्मृतिचित्रे’मधील हे प्रकरण एका भाबड्या बाईच्या मनातला गमतीदार पालट म्हणून वाचले. १९५० साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले, त्याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘मी मागोमाग चालते’ असा होतो. ते शिष्यत्वाचे नाव आहे. नवऱ्याच्या मागे की ख्रिस्ताच्या मागे, ही संदिग्धता त्यात आहे खरी, पण पुस्तकाचा गाभा शिष्यत्व आहे हे परक्या भाषांतरकर्तीला दिसले, आणि आपण विनोदात अडकून राहिलो.

तरीही माझी तक्रार उरतेच. दोन वर्षांमागे मी एका विद्यार्थ्याला ‘स्मृतिचित्रे’वर निबंध लिहायला सांगितला. मुलगा ख्रिस्ती, मूळचे घर मांगांचे. मंडळीत त्याला एक नाव आहे, दाखल्यावर दुसरे. पुस्तक वाचून त्याने विचारले, “सर, यात आमचं कोण आहे?” मी त्याला पाने काढून दाखवली. टिळकांच्या घरात आश्रयाला येणारी पोरे आहेत, आजारी माणसे आहेत, लक्ष्मीबाई त्यांचे करतात, रागावतात, जीव लावतात. तो म्हणाला, “हे सगळे घेणारे झाले, सर. बोलणारं कोण आहे?” या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. लक्ष्मीबाईंनी जात टाकली ती पूर्ण टाकली, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण त्या घरात आलेल्या महार-मांगाच्या पोराने देवाचे काय ऐकले, हे त्या पुस्तकाला विचारावेसे वाटले नाही. तो पोर शमुवेल असू शकतो, ही शक्यता तिथे दारापर्यंतच येऊन थांबते.

टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला. मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत अशी कल्पना मांडली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. देशी मनाला परका वाटणार नाही असा ख्रिस्त त्यांना हवा होता. मिशनऱ्यांच्या वरचष्म्याला कंटाळलेल्या स्वाभिमानी माणसाचे हे पाऊल होते आणि त्याचे मोल मोठे आहे. पण दलित वाचकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. बाप्तिस्म्याची अट सैल केल्याने अडचण कोणाची दूर होत होती? बाप्तिस्म्याने जात जाईल, घरचे टाकतील, ही भीती वरच्या जातीच्या जिज्ञासूची होती. महाराला बाप्तिस्म्याचे भय नव्हते. त्याच्याजवळ गमावण्यासारखी जात नव्हती. न बाटता ख्रिस्ताचे शिष्य होता येईल असे दार उघडले, तर त्या दारातून आपली जात सांभाळून येणेही शक्य होते. टिळकांचा हेतू तसा नव्हता, बंधुत्व हाच त्यांच्या दरबाराचा प्राण होता. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले आणि कल्पनेची परीक्षा व्हायची राहून गेली. पण दार बांधताना कोणाची उंची मोजली होती हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. नवागताला शिकवू पाहणारी मंडळी आणि शिकायला आलेली पण सदसद्विवेक गहाण न टाकणारी बाई, असा तो झगडा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटल्याशिवाय मी म्हणणार नाही, माझे खाणेपिणे मी ठरवीन, ही रमाबाईंची भूमिका. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहिले की ख्रिस्ती धर्म मला आधी मिळाला, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी. शिष्यत्व हे एका दिवसाच्या विधीत पुरे होत नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे मराठी मुलखातल्या फार थोड्या माणसांनी सांगितले आहे. पण रमाबाई वाद घालू शकल्या, कारण त्या ‘पंडिता’ होत्या, ‘सरस्वती’ होत्या. संस्कृत विद्येचे बळ त्यांच्या पाठीशी होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून ज्या निराधार मुली आणल्या, त्यांच्यापाशी ते बळ नव्हते. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तीसदनात जागृती झाली, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, अशी वर्णने आहेत. म्हणजे त्या मुलींना आवाज होता! पण मिशनच्या पत्रांनी त्याची नोंद चमत्कार म्हणून केली. कोणती मुलगी काय म्हणत होती, हे त्या कोलाहलात कोणी वेगळे करून ऐकले नाही.

आता आमच्या वर्धा जिल्ह्याकडे वळतो, कारण हा सगळा प्रश्न एकदा इथेच अगदी उघडपणे बोलला गेला. १९ जुलै १९२८ रोजी जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ख्रिस्ती पुढारी जॉन मॉट त्यांना तिथे भेटले. १९ डिसेंबर १९३६ च्या ‘हरिजन’मध्ये ती मुलाखत छापून आली आहे. अस्पृश्यांत धर्मप्रचार करण्याविषयी बोलताना गांधीजींनी मॉट यांना विचारले की तुम्ही गायीला शुभवर्तमान सांगाल काय? काही अस्पृश्यांची समज गायीपेक्षाही कमी आहे, धर्माधर्मांतला फरक त्यांना कळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचा रोख मिशनऱ्यांच्या आमिषांवर होता हे मान्य करू. तरी वाक्याचा अर्थ बदलत नाही. माझ्या घरापासून काही मैलांवर, एका थोर माणसाने, माझ्या पणजोबांच्या पिढीला देवाचा शब्द ऐकण्याचा कान नाही असे सांगितले. मंदिराचे दार उघडणे शक्य होते. आत येणाऱ्याला देव काही निराळेच सांगत असेल, हे मानणे शक्य नव्हते.

याच वर्ध्यात ख्रिस्त मनापासून वाचलाही गेला. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे जन्माने ख्रिस्ती. येशूची शिकवण आणि आचरण यांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये आले. शिष्यत्व म्हणजे उपासना नव्हे, रोजची उपजीविका कशी मिळवता याचा हिशेब, असा त्यांचा आग्रह. पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. दोघांच्या सचोटीविषयी मला आदर आहे. पण दोघांच्याही मांडणीत ख्रिस्त हा भल्या माणसाने अधिक भले होण्याचा मार्ग आहे. बाहेर ठेवलेल्या माणसाने आत येण्याचा मार्ग, हे त्याचे रूप त्यांच्या विवेचनाच्या मध्यभागी नाही.

बाबासाहेबांनी मात्र ख्रिस्ती धर्माची परीक्षा नेमकी या बाजूने केली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ साली, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयीची त्यांची प्रकरणे आहेत. चर्चमध्ये आलेल्या अस्पृश्याची जात चर्चने पुसली काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि दुसरा अधिक खोल : अस्पृश्य आपल्या दुःखाचे कारण समाजरचनेत आहे हे ओळखून येतो, आणि चर्च त्याला शिकवते की दुःखाचे मूळ तुझ्या पापात आहे. म्हणजे नवागताने जे ऐकून आणले होते तेच त्याला विसरायला लावायचे. एलीने शमुवेलाला सांगावे की तुला ऐकू आले ते माझ्या घराविषयी नव्हते, तुझ्याविषयीच होते, तसा हा प्रकार!

१९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लगेच स्वतः लाखोंना दिली. प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असेही त्यांनी सांगितले. या एका गोष्टीने दारावरचा रखवालदार नाहीसा केला. काल आलेला आज दुसऱ्याला आत घेऊ शकतो. मराठी धर्मांतराच्या इतिहासात नवागताला दिलेला हा सर्वांत मोठा अधिकार होय.

पण इथे स्वतःला सोडून देऊन चालणार नाही. सत्तर वर्षे होत आली, तरी शासनाच्या कागदावर आम्ही ‘नवबौद्ध’ आहोत. टिळकांना कोणी ‘नवख्रिस्ती’ म्हटले नाही. आमच्यापुढचा ‘नव’ पुसला जात नाही, कारण त्या ‘नव’च्या मागे जुनी जात वाचता येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याची दोन नावे यातून आली आहेत. देवाने हाक मारली तर त्याने कोणत्या नावाने ओ द्यावी? आणि आमच्या विहारात मातंगाचा, चर्मकाराचा, भटक्या जमातीचा मुलगा नव्याने आला, तर त्याच्यासाठी सतरंजी पुढे सरकते खरी. पण तो आमच्याविरुद्ध काही बोलला तर आम्ही ऐकून घेतो काय? दलित साहित्याने ‘आम्ही’ हा शब्द मोठ्या ताकदीने वापरला. त्या ‘आम्ही’मध्ये मांग ख्रिस्ती आहे काय, हे आता स्पष्ट झाले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे प्रकरण ‘यमुनापर्यटन’पासून सुरू न करता १८५५ च्या मुक्ता साळवेच्या निबंधापासून सुरू करावे. ती ख्रिस्ती होती की नव्हती हा प्रश्न इथे गौण आहे. देवाला थेट विचारण्याचा अधिकार मराठीत तिने बजावला, हे महत्त्वाचे. ‘स्मृतिचित्रे’ हे जात सोडण्याच्या शिक्षणाचे पुस्तक म्हणून शिकवावे. आणि नगर, जालना, विदर्भ इथल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांत जी म्हातारी माणसे आहेत, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात, कारण ती गेल्यावर हे काम होणार नाही. या नियतकालिकाने त्यासाठी पाने राखून ठेवावीत. त्या आठवणींत मिशनवर टीका असेल, सवर्ण ख्रिस्त्यांवर असेल, आपल्यावरही असेल. ती जशी येईल तशी छापावी.